रॅम फुल्ल दिसतेय म्हणून घाबरायच्या आधी: लिनक्सची कॅश कशी बघायची आणि कधी काळजी करायची

लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम, उघडलंय काय तर ब्राउझरचे चार टॅब आणि एक टर्मिनल, तरी मशीन सांगतं की रिकामी रॅम फक्त ३०० एमबी, मग माणूस हडबडणारच ना. मग शोधाशोध सुरू होते, कोणीतरी एक जादूची कमांड देतं, ती मारली की रिकामी रॅम एकदम चार-पाच जीबी दिसायला लागते, जीव भांड्यात पडतो, आणि अर्ध्या तासात पुन्हा जैसे थे. गंमत अशी की यात बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं, उलट ती कमांड मारून तुम्ही चांगलं चाललेलं मशीन थोडा वेळ स्लो करून ठेवलेलं असतं. म्हणून हे सगळं एकदा नीट बघू, आणि नुसतं वाचू नका, टर्मिनल उघडून सोबत करत जा. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

आधी हे होतं कशासाठी ते. तुम्ही एखादी फाइल उघडली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती डिस्कवरून वाचतो आणि ४ केबीच्या तुकड्यांत, म्हणजे पेजेसमध्ये, रॅममध्ये ठेवतो. प्रोग्रॅमचं काम झालं, प्रोग्रॅम बंद केला, तरी ती पेजेस तिथेच पडून राहतात, कारण ती पुन्हा लागायची शक्यता बरीच असते आणि ती जागा तशीही दुसरं कोणी मागत नसतं. हीच पेज कॅश. डबा माळ्यावरून काढला की आपण लगेच परत वर चढवत नाही, ओट्यावर जागा आहे तोवर राहू देतो आणि पोळ्या लाटायच्या झाल्या की सरकवतो, तसंच, फक्त इथे परत चढवायचेही कष्ट नाहीत, कारण मूळ फाइल डिस्कवर आहेच, रॅममधली कॉपी सरळ टाकून दिली तरी चालते.

आणि फायदा किती, तर रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, बऱ्यापैकी एनव्हीएमई एसएसडीला त्याच्या शेकडो पट, आणि फिरत्या हार्ड डिस्कचं तर विचारूच नका. ७२०० आरपीएमच्या डिस्कची एक फेरीच ८.३३ मिलिसेकंदांची असते, त्यात हेड जागेवर जायचा वेळ वेगळा, म्हणजे हिशोब लाखपटीत जातो. एवढा फरक असताना रॅम रिकामी ठेवायची म्हणजे पैसे देऊन घेतलेली वस्तू खोक्यात ठेवून देण्यासारखं आहे.

आकडे कसे वाचायचे

टर्मिनल उघडा आणि मारा:

फ्री -एच

माझ्यासमोर एका ८ जीबीच्या मशीनवर आत्ता साधारण असं दिसतंय: टोटल ७.६, युज्ड ३.०, फ्री ०.३, शेअर्ड ०.४, बफ/कॅश ४.९ आणि शेवटी अव्हेलेबल ४.६, सगळं जीबीमध्ये. ८ चे ७.६ झाले कारण थोडी रॅम कर्नल आणि ऑनबोर्ड ग्राफिक्स आधीच बाजूला काढून ठेवतात, ते सोडून द्या.

लोकांची नजर जाते फ्रीवर, ०.३, आणि तिथेच गडबड होते. बघायचा कॉलम शेवटचा, अव्हेलेबल. नवीन प्रोग्रॅम सुरू केला तर स्वॅपला (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) हात न लावता त्याला किती रॅम देता येईल याचा तो कर्नलचा स्वतःचा अंदाज आहे, म्हणजे खरीखुरी रिकामी जागा अधिक कॅशमधला जो भाग लगेच सोडता येईल तो. फ्री म्हणजे फक्त ज्याला कोणी अजून हातच लावलेला नाही अशी रॅम, आणि बरेच तास चालू असलेल्या मशीनवर ती कमी असणं हेच नॉर्मल आहे.

हा अव्हेलेबलचा आकडा कर्नलमध्ये आला ३.१४ व्हर्जनला, २०१४ साली. त्याच्या आधी लोक फ्री, बफर्स आणि कॅश्ड यांची बेरीज हाताने करायचे, आणि जुन्या फ्री कमांडमध्ये त्यासाठी बफर्स-कॅश वजा केलेली एक वेगळी ओळच यायची. नेटवरचे जुने लेख वाचताना ती ओळ दिसली तर गोंधळू नका, आता ती येत नाही.

आता कोणी चौकस असेल तर म्हणेल की ३.० अधिक ०.३ अधिक ४.९ म्हणजे ८.२ होतात, टोटल तर ७.६ आहे, मग हे काय? बरोबर पकडलंत. फ्रीच्या नव्या व्हर्जनमध्ये युज्ड म्हणजे टोटल वजा अव्हेलेबल असा सरळ हिशोब धरलाय, त्यामुळे कॅशमधला जो भाग सोडता येत नाही तो दोन्हीकडे मोजला जातो. तुमच्याकडे जुनं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची जुनी आवृत्ती, असेल तर बेरीज जुळेल आणि युज्ड थोडं कमी दिसेल, दोन्ही आपापल्या जागी बरोबरच आहेत. सविस्तर बघायचं असेल तर

कॅट /प्रॉक/मेमइन्फो

मारा, फ्री कमांड आकडे तिथूनच उचलते, आणि तिथे पन्नासच्या आसपास ओळी असतात, त्यातल्या आपल्याला पुढे चार-पाचच लागणार आहेत.

कॅश चालताना बघायची तर

याला एक मोठी फाइल लागते, १ जीबीच्या आसपासची, एखादा पिक्चर किंवा कुठल्यातरी डिस्ट्रोची आयएसओ, आणि महत्त्वाचं म्हणजे मशीन चालू केल्यापासून तिला हात लावलेला नसावा. आत्ताच डाउनलोड केलेली फाइल घेऊ नका, कारण डाउनलोड होताना लिहिली गेलेली पेजेससुद्धा कॅशमध्येच राहतात, मग पहिल्याच वेळी ती झटक्यात वाचली जाईल आणि तुम्हाला वाटेल की फरकच पडला नाही.

टाइम कॅट पिक्चर.एमकेव्ही > /डेव/नल

म्हणजे फाइल पूर्ण वाच, फेकून दे आणि किती वेळ लागला ते सांग. हार्ड डिस्क असेल तर १ जीबीला आठ-दहा सेकंद सहज लागतील. आता वरचा बाण दाबून तीच कमांड पुन्हा मारा. या वेळी सेकंदाच्या आतबाहेर काम होतं, कारण डिस्कला कोणी विचारलंच नाही. एसएसडीवर फरक कमी दिसेल पण दिसेल. मध्येच फ्री -एच मारून बघितलं तर बफ/कॅश फाइलच्या साइझएवढं वाढलेलं असतं आणि फ्री तेवढंच खाली आलेलं असतं, पण अव्हेलेबल जवळपास जागचं हललेलं नसतं. हा एक प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

नेमकी ही फाइल कॅशमध्ये किती आहे हेही विचारता येतं. फिनकोअर नावाची छोटी कमांड आहे, यूटिल-लिनक्स पॅकेजमध्ये येते, काही डिस्ट्रोंवर वेगळी टाकावी लागते:

फिनकोअर पिक्चर.एमकेव्ही

बरोबर १ जीबीची फाइल पूर्ण कॅशमध्ये असेल तर पेजेसच्या कॉलममध्ये २,६२,१४४ येतात, ४ केबीने गुणून बघा. नुसतं सुरुवातीचं थोडं बघून प्लेअर बंद केला असेल तर आकडा बराच लहान येतो, पण तुम्ही बघितलंत त्यापेक्षा थोडा जास्तच, कारण फाइल ओळीने वाचली जातेय हे लक्षात आलं की कर्नल पुढचा भाग आधीच मागवून ठेवतो.

नुसत्या फाइलमधला डेटाच नाही, फोल्डरची रचना आणि फाइलची नावं-परवानग्या यांचीही वेगळी कॅश असते. मोठ्या फोल्डरवर फाइंड कमांड पहिल्यांदा रेंगाळते आणि दुसऱ्यांदा भरकन संपते ती त्यामुळे. मेमइन्फोमध्ये ही एसरिक्लेमेबल नावाच्या ओळीत दिसते.

मागितल्यावर जागा मिळते का

खरी शंका हीच असते, की कॅशने ५ जीबी धरून ठेवलेत, आता मला ३ जीबी लागले तर? तेही करून बघा, मात्र आधी अव्हेलेबल बघा आणि त्यापेक्षा बऱ्यापैकी कमीच मागा, नाहीतर मशीन गुदमरेल. एका टर्मिनलमध्ये दर सेकंदाला आकडे येत राहतील असं करा:

फ्री -एच -एस १

आणि दुसऱ्यात:

हेड -सी ३जी /डेव/झीरो | टेल | स्लीप ६०

हेड ३ जीबी शून्यं ओततं, त्यात ओळ संपल्याची खूण कुठेच नसल्यामुळे टेल बिचारा शेवटची ओळ कुठली ते कळेपर्यंत सगळं रॅममध्ये साठवत बसतो. पहिल्या टर्मिनलमध्ये बघा, कॅश उतरत जाते, युज्ड चढत जातं आणि स्वॅप बहुतेक तिथेच असतो. मिनिटभराने टेल संपला की फ्रीचा आकडा एकदम वर जातो आणि तसाच राहतो, कारण जी पेजेस टाकून दिली ती कर्नल आपणहून परत आणत नाही, कोणी वाचेल तेव्हाच येतात.

कुठली पेजेस टाकायची याचंही डोकं लावलेलं असतं. कर्नल दोन याद्या ठेवतो, अ‍ॅक्टिव्ह आणि इनअ‍ॅक्टिव्ह. एकदाच वाचलेलं पेज इनअ‍ॅक्टिव्ह यादीत, पुन्हा लागलं तर अ‍ॅक्टिव्हमध्ये, आणि जागा लागली की कात्री आधी इनअ‍ॅक्टिव्हवर चालते. त्यामुळे एकदा बॅकअप घेतला म्हणून रोजच्या वापराच्या फाइल्स कॅशमधून हाकलल्या जातील असं सहसा होत नाही, सहसा म्हणतोय, कारण कधीकधी होतंच. २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या ६.१ कर्नलमध्ये याच्या जागी अनेक पिढ्यांची यादी ठेवणारी नवी पद्धत घेतलीय, काही डिस्ट्रो ती चालू करून देतात, काही नाही.

लिहिताना मात्र थोडं जपून

आत्तापर्यंतचं सगळं वाचण्याबद्दल होतं आणि तिथे धोका शून्य आहे. लिहिताना गोष्ट वेगळी. तुम्ही फाइल सेव्ह केली की डेटा आधी रॅममध्येच जातो, त्या पेजेसना डर्टी म्हणतात, आणि डिस्कवर तो सवडीने जातो. डीफॉल्ट सेटिंगला कर्नलचं लिहिणारं खातं दर ५ सेकंदांनी जागं होतं आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी डर्टी पेजेस डिस्कवर ढकलतं. शिवाय डर्टी पेजेस वापरता येण्याजोग्या रॅमच्या १० टक्क्यांवर गेली की बॅकग्राउंडला लिहिणं सुरू होतं आणि २० टक्क्यांना पोचली की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवून धरतात, आधी उतरवा मग पुढचं.

पेनड्राइव्हवर पिक्चर कॉपी करताना जो अनुभव येतो तो हाच. प्रोग्रेस बार सुसाट पळतो, शंभर टक्के होतो, आणि इजेक्ट म्हटलं की फिरत बसतो. कॉपी झालेली असते रॅममध्ये, स्वस्तातला पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी लिहीत असेल आणि ८०० एमबी अजून डर्टी असतील तर शंभरेक सेकंद जाणारच. त्यात लोक वैतागून पेनड्राइव्ह उपटतात आणि मग फाइल करप्ट झाली म्हणून पेनड्राइव्हला शिव्या घालतात. इजेक्ट पूर्ण होऊ द्या, किंवा टर्मिनलमध्ये सिंक मारा आणि ती कमांड परत येईपर्यंत हात लावू नका. किती उरलंय ते बघायचं तर

वॉच ग्रेप -ई डर्टी -ई राइटबॅक /प्रॉक/मेमइन्फो

दर दोन सेकंदांनी आकडा खाली येताना दिसतो, बघत बसायला बरं वाटतं. ग्रेपला कॅपिटल-स्मॉल कळतं, म्हणून डर्टीचा डी आणि राइटबॅकचा डब्ल्यू कॅपिटल टाका.

लाइट गेली तर काय, हाही प्रश्न येतो, आपल्याकडे तर येणारच. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर शेवटच्या अर्ध्या मिनिटातलं काही जाऊ शकतं. डेटाबेस आणि बरेचसे एडिटर सेव्ह करताना एफसिंक नावाची कॉल करून डेटा डिस्कवर पोचल्याची खात्री करूनच पुढे जातात, त्यामुळे तिथे काळजी कमी, पण नुसती कॉपी कमांड तसं काही करत नाही.

ती जादूची कमांड

आता ती कुप्रसिद्ध कमांड. खरं तर ती वाईट नाही, तिचा उपयोग वेगळा आहे:

सिंक
इको ३ | सुडो टी /प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस

१ लिहिलं तर पेज कॅश जाते, २ लिहिलं तर फोल्डर-फाइलच्या माहितीची कॅश, ३ म्हणजे दोन्ही. आधी सिंक अशासाठी की डर्टी पेजेसना ही कमांड हात लावत नाही, ती आधी डिस्कवर गेली तरच मोकळी होतात. आणि सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारं) इको करून पुढे फाइलमध्ये लिहायची ग्रेटर-दॅनची खूण टाकली तर परमिशन डिनाइड येतं, कारण फाइल उघडायचं काम तुमचं शेल करतं, सुडो नाही, म्हणून मध्ये टी घातलाय. सगळी कॅश कधीच शून्य होत नाही, चालू असलेल्या प्रोग्रॅमचा स्वतःचा कोड आणि लायब्रऱ्यासुद्धा त्यातच मोजल्या जातात.

ही कमांड वापरायची कधी, तर मोजमाप करताना. वरचा पिक्चरचा प्रयोग परत पहिल्यापासून करायचा असेल, किंवा दोन डिस्कची तुलना करायची असेल, तर दर वेळी कॅश साफ करून सुरुवात करणं योग्यच आहे. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येही स्पष्ट लिहिलंय की कॅश आटोक्यात ठेवायचं हे साधन नाही आणि टेस्टिंग-डीबगिंग सोडून वापर करू नका.

तरी सर्व्हरवर क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीत, दर तासाला ही कमांड लावून ठेवलेली सापडते, कोणीतरी कधीतरी लावलेली असते, माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि दर तासाच्या ठोक्याला वेबसाइट दोन-तीन मिनिटं का रेंगाळते ते कोणाला कळत नसतं. कारण उघड आहे, कॅश गेली की सगळ्या रिक्वेस्ट एकदम डिस्कवर तुटून पडतात. तुमच्याकडे असं काही चाललंय का ते शोधायला सोपा मार्ग आहे, ही कमांड चालली की कर्नल लॉगमध्ये प्रोसेसचं नाव आणि नंबर लिहून ठेवतो:

सुडो डीमेसेज | ग्रेप ड्रॉप_कॅशेस

ठरावीक अंतराने ओळी दिसल्या की क्रॉनटॅब उघडा आणि ती ओळ काढून टाका. मॅनेजर विचारतील की मॉनिटरिंगवर मेमरी ९५ टक्के का दिसतेय, तर मॉनिटरिंगचा ग्राफच अव्हेलेबलवर लावून द्या, पुन्हा कोणी विचारत नाही.

स्वॅपचं काय

स्वॅपमध्ये १००-२०० एमबी दिसले की लोकांना वाटतं रॅम संपली. तसं नाही. एखादा प्रोग्रॅम सकाळी चालू केला आणि दिवसभर बघितलाच नाही, तर त्याची पडून असलेली पेजेस स्वॅपमध्ये टाकून ती जागा कॅशला देणं हा कर्नलच्या दृष्टीने फायद्याचा सौदा असू शकतो. हा कल किती ठेवायचा ते ठरवतं व्हीएम.स्वॅपिनेस, डीफॉल्ट ६०. ही टक्केवारी नाही, इतकी रॅम भरली की स्वॅप सुरू असा त्याचा अर्थ नाही, प्रोग्रॅमची पेजेस काढायची की फाइलची यातलं ते पारडं आहे फक्त. डेस्कटॉपवर खिडकी बदलताना अडखळत असेल तर १० करून बघा, बरेच लोक करतात, पण फरक वाटला नाही तर परत ६० वर आणा. स्वॅपच बंद करून टाकणं मला स्वतःला पटत नाही, मग अडचणीच्या वेळी कर्नलकडे फक्त फाइल पेजेस टाकणं एवढंच उरतं, त्यात चालू प्रोग्रॅमचा कोडही जातो आणि तोच परत परत डिस्कवरून आणावा लागतो, मशीन माउसलाही दाद देत नाही.

खरा त्रास आहे की नाही ते स्वॅपच्या साठ्यावरून नाही, ये-जा किती चाललीय त्यावरून कळतं:

व्हीएमस्टॅट १

एसआय (स्वॅपमधून रॅममध्ये आलेलं) आणि एसओ (रॅममधून स्वॅपमध्ये गेलेलं) हे दोन कॉलम बघा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत दोन्हीकडे शून्य किंवा अधूनमधून एखादा आकडा असेल तर निवांत. दोन्हीकडे सतत हजारोंचे आकडे धावत असतील तर मात्र रॅम खरंच कमी पडतेय. ४.२० पासूनच्या कर्नलवर /प्रॉक/प्रेशर/मेमरी ही फाइलही बघा, त्यातली सम नावाची ओळ सांगते की निदान एक तरी काम मेमरीसाठी किती टक्के वेळ अडकलं होतं, आणि फुल म्हणजे सगळीच कामं एकदम. आणि लॉगमध्ये आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस असं काही दिसलं तर चर्चाच संपली, कर्नलने कोणाचा तरी बळी दिलेला आहे.

जिथे हा हिशोब फसतो

आता कॅश म्हणजे मोकळीच जागा असं धरून बसलात तर काही ठिकाणी गोत्यात याल. फ्रीमधला शेअर्ड कॉलम आठवतो ना, तो टीएमपीएफएसचा असतो, म्हणजे रॅममध्येच बनवलेली फाइलसिस्टिम, /डेव/एसएचएम आणि काही डिस्ट्रोंवर /टेम्पसुद्धा. हा भाग कॅशमध्ये मोजला जातो पण टाकून देता येत नाही, कारण त्याची डिस्कवर दुसरी कॉपीच नाही, फार तर स्वॅपमध्ये जाईल. कोणी /टेम्पमध्ये ४ जीबीचा व्हिडिओ ठेवून विसरला तर कॅश मोठी, अव्हेलेबल छोटं असं चित्र दिसतं. तसं दिसलं की आधी डीएफ -एच मारून टीएमपीएफएसच्या ओळी बघा.

झेडएफएस ही वेगळी फाइलसिस्टिम वापरणाऱ्यांचं उलट. त्याची कॅश, एआरसी, ही लिनक्सच्या पेज कॅशच्या बाहेर असते आणि युज्डमध्ये मोजली जाते, मोठ्या सर्व्हरवर निम्मी रॅमसुद्धा खाऊन बसलेली दिसते, आणि कुठल्याच प्रोसेसच्या नावावर ती नसते त्यामुळे लोक मेमरी लीक, म्हणजे घेतलेली रॅम परत न सोडणारा प्रोग्रॅम, शोधत बसतात. आर्क_समरी कमांडने खरा आकडा कळतो, मर्यादा घालायची तर झेडएफएस_आर्क_मॅक्स.

कंटेनरमध्ये, म्हणजे डॉकर किंवा कुबरनेटिसने मेमरीची वेगळी मर्यादा घालून चालवलेल्या प्रोग्रॅममध्ये, कॅश त्या कंटेनरच्याच खात्यावर पडते. डॉकर स्टॅट्स दाखवताना त्यातली न वापरातली कॅश वजा करून दाखवतो, कुबरनेटिसही वर्किंग सेट (खरंच वापरात धरलेली मेमरी) काढताना इनअ‍ॅक्टिव्ह फाइल पेजेस वजा करतो, पण अ‍ॅक्टिव्ह तशीच ठेवतो, त्यामुळे एकाच मोठ्या फाइलवर सारखं वाचन करणारा पॉड (कुबरनेटिसमधला कंटेनरचा गट) लिमिटच्या जवळ दिसतो आणि लोक उगाच लिमिट वाढवत बसतात.

डेटाबेसवाल्यांनी एक बघायचं. पोस्टग्रेसक्यूएल ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशवर बराच भरवसा ठेवतं, म्हणून शेअर्ड_बफर्सला सुरुवातीला एकूण रॅमच्या २५ टक्के असा सल्ला असतो आणि उरलेली रॅम कर्नलसाठी मोकळी ठेवतात. मायएसक्यूएलचं इनोडीबी स्वतःचा बफर पूल ठेवतं, फक्त डेटाबेससाठीच असलेल्या सर्व्हरवर तो ८० टक्क्यांपर्यंत नेतात, आणि ओ_डायरेक्ट लावून पेज कॅशला बाजूला सारतात, नाहीतर तोच डेटा दोनदा रॅममध्ये बसतो. दोघांना एकच फॉर्म्युला लावू नका.

विंडोजवर हाच खेळ वेगळ्या नावांनी चालतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे अव्हेलेबल आणि कॅश्ड दिसतं, आणि जास्त छान बघायचं तर रिसोर्स मॉनिटर उघडा, तिथल्या पट्टीत गडद निळा भाग म्हणजे स्टँडबाय, म्हणजे कॅश, आणि फिकट निळा खरंच रिकामा. अव्हेलेबल म्हणजे या दोन निळ्यांची बेरीज. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हा सुपरफेच तुमच्या सवयी बघून प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवायला लागलं आणि व्हिस्टा रॅम खातं म्हणून जी बोंब झाली त्यात याचाही वाटा होता. तेच आता सिसमेन नावाने आहे. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज १० चालवताना डिस्क सतत १०० टक्के असेल तर ती सर्व्हिस बंद करून बघायला हरकत नाही, एसएसडीवर राहू द्या. मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा ग्राफ हिरवा आहे ना, मग कॅश्ड फाइल्सचा आकडा कितीही असो. रॅम क्लीनर नावाची जी अ‍ॅप मिळतात, फोनवरची धरून, ती बहुतेक हीच कॅश हाकलतात आणि वर मोठा हिरवा आकडा दाखवतात. फोनवर तर मागची अ‍ॅप मारून पुन्हा पहिल्यापासून उघडायला बॅटरी जास्तच जाते.

उरला रॅम वाढवायचा प्रश्न. अव्हेलेबल भरपूर आहे म्हणजे आणखी रॅमचा उपयोग नाही असं समजू नका. व्हीएमस्टॅटमध्ये बीआय कॉलम बघा, डिस्कवरून वाचलेले ब्लॉक. तुमचं काम त्याच त्या फाइल्सवर असेल, समजा २० जीबीचा फोटोंचा किंवा व्हिडिओचा प्रोजेक्ट, आणि काम थोडा वेळ चालून कॅश भरल्यानंतरही बीआय सतत वर असेल, तर कामाचा पसारा कॅशमध्ये मावत नाहीये, एक भाग आला की दुसरा बाहेर जातोय. अशा वेळी १६ चे ३२ केले की प्रोग्रॅम एक एमबीही जास्त न घेता काम डोळ्यांना दिसेल इतकं पटापट होतं. आणि बीआय जवळपास शून्य असेल, एसआय-एसओ शून्य असतील आणि तरी मशीन स्लो असेल, तर दोष रॅममध्ये नाही, टॉप ही कमांड उघडून सीपीयू कोण खातंय ते बघा.